राखीव आणि राखलेलं : साक्री तालुक्यातल्या एका जंगलाची गोष्ट

हेडफोन लावले असतील तर आवाज जरा कमी करा, सुरुवातीला वारा आहे. रेकॉर्डिंग डोंगरावर केलंय आणि साक्रीचा वारा कुणाचं ऐकत नाही. जे हा भाग वाचताय त्यांच्यासाठी : बोलताना दहा वेळा आलेलं 'म्हणजे' मी काढून टाकलंय, बाकी बरंचसं तसंच ठेवलंय.

मी मूळची साक्रीची. पुण्यात कुणाला सांगितलं की समोरचा विचारतो, हे कुठे आलं? मग मी म्हणते, धुळ्याहून सुरतला जाताना रस्त्यात लागतं. ज्यांनी तो हायवे पाहिलाय त्यांना पवनचक्क्या आठवतात. ब्राह्मणवेल, निजामपूर, त्या बाजूची सगळी पठारं पवनचक्क्यांनी भरलीत. दुसरं म्हणजे सोलर. शिवाजीनगरला महानिर्मितीचा मोठा सौर प्रकल्प आहे. ऊन आणि वारा, ही आमची ओळख. त्यामुळे मी मैत्रिणीला सांगितलं की पुढचा भाग साक्रीच्या जंगलावर करतेय, तर ती हसलीच. "साक्रीत जंगल?"

तिचं चुकलं नाही. मलासुद्धा शाळेत असताना कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. जंगल म्हणजे यावल, जंगल म्हणजे तोरणमाळ, तिकडे सातपुड्यात. मोबाइलवर 'खानदेशातली अभयारण्यं' असं शोधलं तर जळगाव जिल्ह्यातलं यावल येतं, १९६९ चं. शिरपूरजवळचं अनेर येतं, १९८६ चं. साक्री तालुक्यातलं बारीपाडा त्या यादीत येत नाही, कारण ते अभयारण्य नाहीच. वेशीवर कमान नाही, तिकीट नाही, जिप्सी नाही. आणि तरी चारशे हेक्टरांहून जास्त, म्हणजे जवळपास हजार एकर जंगल तिथे उभं आहे. ते कुणी राखलं आणि आधी कुणी संपवलं होतं, हे दोन प्रश्न घेऊन मी गेले होते. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आमच्याच घरापर्यंत येईल असं वाटलं नव्हतं.

तर चला.

साक्रीहून पिंपळनेर, तिथून पश्चिमेला. चुलतभावाची बाइक, मागे मी, पाठीवर माइकची बॅग. पिंपळनेर हे नाव लक्षात ठेवा. १८८० चं इंग्रजांचं खानदेश गॅझेटिअर उघडलंत तर तालुक्यांच्या यादीत साक्री सापडतच नाही, तिथे पिंपळनेर आहे. साक्रीकर हे सहसा सांगत नाहीत. पिंपळनेरकर मात्र चहा यायच्या आत सांगतात.

पिंपळनेर सोडलं की जमीन बदलते. साक्रीच्या पूर्वेचा माळ उघडा, बाजरी-कांद्याचा. इकडे पश्चिमेला पाऊस वाढतो, भाताची खाचरं दिसायला लागतात, घरांची ठेवण बदलते. पांझरा नदी याच डोंगरांतून निघते, धुळ्याला जाते आणि पुढे तापीला मिळते. सह्याद्रीचं हे अगदी उत्तरेकडचं टोक. डोंगराच्या पलीकडे गुजरातचा डांग. भाषाही बदलते. आम्ही साक्रीत अहिराणी बोलतो, इथे कोकणा आणि भिल्ल वस्ती. कोकणा समाजाच्या बोलीला कोकणीच म्हणतात, पण तिचा मालवण-गोव्याच्या कोकणीशी घोळ घालू नका. माझ्या भावाने घातला आणि एका पोराने त्याला बराच वेळ चिडवलं.

आता थोडं मागे जाऊ. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि खानदेश इंग्रजांकडे आला. कॅप्टन ब्रिग्ज नावाचा अधिकारी इथला कारभार बघायला लागला. डोंगरातले भिल्ल नाईक काही लगेच वाकले नाहीत. १८२५ मध्ये जेम्स आउट्रमने भिल्लांचीच पलटण उभी केली, खानदेश भिल कोअर, मुक्काम धरणगाव. डोंगरातल्या माणसाला पगार देऊन डोंगरातल्याच माणसावर सोडायचं, ही युक्ती. शाळेत हे 'भिल्लांचा बंदोबस्त' अशा शीर्षकाखाली यायचं. बंदोबस्त हा शब्द मला तेव्हाही खटकायचा.

माणसांचा बंदोबस्त झाला, मग झाडांचा. इंग्रजांना साग हवा होता, आधी जहाजांसाठी. १८४२ मध्ये त्यांनी डांगमधल्या भिल्ल राजांकडून जंगलं भाडेपट्ट्याने घेतली. मग रेल्वे आली. १८६० च्या दशकात भुसावळपर्यंत रूळ आले, १९०० मध्ये तापी खोऱ्यातून सुरतेकडची लाइन सुरू झाली. रुळांखाली स्लीपर लागतात आणि ते तेव्हा लाकडाचे असायचे. मधल्या काळात झाला १८७८ चा वन कायदा, आणि त्याच्यापाशी मला जरा थांबायचंय. कंटाळू नका.

या कायद्याने जंगलांचे तीन प्रकार केले. राखीव, संरक्षित आणि ग्रामवन. फरक सोपा आहे, आपल्या फोनमधल्या परमिशनसारखा. राखीव जंगलात सगळं बंद, साहेबाने परवानगी दिली तेवढंच चालू. संरक्षित जंगलात सगळं चालू, साहेबाने बंद केलं तेवढं बंद. आणि ग्रामवन म्हणजे सरकारने एखादं जंगल गावाच्या हाती द्यायचं, गावाने सांभाळायचं. संरक्षित जंगलं हळूहळू राखीव होत गेली. ग्रामवनाचं कलम १९२७ च्या वन कायद्यातही आलं, २८ नंबरचं. आजही आहे. फक्त देशात फारसं कुठे वापरलं गेलं नाही. परमिशनचं बटण होतं, कुणी दाबलंच नाही.

तेव्हा कुणाला हे कळत नव्हतं असं नाही. खुद्द वनखात्याचा पहिला प्रमुख, डिट्रिच ब्रँडिस नावाचा जर्मन माणूस, गावांसाठी वेगळी जंगलं ठेवा म्हणत होता. बेडन-पॉवेल नावाचा दुसरा अधिकारी म्हणत होता की सगळं सरकारचं झालं पाहिजे. (स्काउटवाला नव्हे, त्याचा सावत्र भाऊ.) जिंकला हा दुसरा. आणि आपल्या पुण्यातल्या सार्वजनिक सभेने या कायद्याला लेखी विरोध केला होता. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की जंगल टिकवायचं असेल तर पोलिसी बडग्यापेक्षा गावकऱ्यांना विश्वासात घेणं जास्त सोपं पडेल. ऐकलं नाही कुणी. पुढे १८८३ मध्ये महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' पुरा केला. त्यात वनखात्याने डोंगर आणि गायरानं कशी गिळली, गरिबाच्या शेळीलाही चरायला जागा कशी उरली नाही, हे फार रागाने लिहिलंय. आपण असूड वाचतो ते शिक्षणासाठी, सावकारीसाठी. जंगलासाठी पुन्हा वाचून बघा.

तो राग साठत गेला. १९३० मध्ये गांधीजींनी मीठ उचललं. पण डोंगरातल्या माणसाला समुद्र कुठला? त्याने गवत कापलं, लाकूड तोडलं. जंगल सत्याग्रह. आमच्या दक्षिणेला, शेलबारी घाट उतरला की बागलाण, तिथेही झाला. रायगडमध्ये चिरनेरला २५ सप्टेंबर १९३० रोजी गोळीबार झाला, माणसं मेली. हे सगळं गवताच्या भाऱ्यासाठी.

मग स्वातंत्र्य आलं. कायदा १९२७ चाच राहिला.

इथे मला एक गैरसमज दूर करायचाय, आधी माझाच. 'राखीव' या शब्दाने असं वाटतं की ते जंगल राखलेलं असेल. आमच्या भागात उलट झालं. सरकारी म्हटलं की ते कुणाचंच नाही. गावाचा हक्क गेला तशी गावाची राखणही गेली. रात्रीतून झाड जायचं. ज्याच्या पोटाला काही नाही तो तोडायचा, ज्याच्याकडे ट्रक आहे तो त्याच्या शंभरपट तोडायचा. शिवाय जमिनीचा प्रश्न. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन कागदावर वनजमीन, म्हणून कसणारा 'अतिक्रमणदार'. धुळ्याचे कॉम्रेड शरद पाटील यांनी याच पट्ट्यात आदिवासींच्या वनजमिनीच्या प्रश्नावर संघटना बांधली होती. त्यांना आपण इतिहासकार, विचारवंत म्हणून ओळखतो, पण साक्रीच्या डोंगरातली जुनी माणसं त्यांना मोर्चासाठी ओळखतात.

बारीपाड्यालाही हेच झालं होतं. १९९० च्या आसपास तिथले डोंगर उघडे होते. पाणी लांबून आणायला लागायचं, शेती पावसावर, पाऊस संपला की गाव रोजगाराला बाहेर. गावातलेच एक शिकलेले तरुण, चैत्राम पवार, एम. कॉम. झालेले, नोकरीकडे न जाता गावात राहिले. वनवासी कल्याण आश्रमाचे डॉ. आनंद फाटक सोबतीला होते. गावाने बसून ठरवलं की जंगल राखायचं. कुऱ्हाड बंद. मोकाट चराई बंद. तोडताना सापडला त्याला दंड, मग तो भाऊबंद असला तरी. गावाने आपले राखणदार नेमले, वयस्कर माणसं. तरुण पोराला लोक 'चल रे' म्हणतात, म्हाताऱ्या बाबाला कोण म्हणणार?

झाडं लावली हा यातला लहान भाग. मला वाटत होतं की जंगल परत आणायचं म्हणजे वृक्षारोपण, फोटो, कुंड्या, ट्री गार्ड. तसं नसतं. सागाचं झाड तोडलं तरी बुंधा आणि मुळं जिवंत राहतात. पावसाळा आला की बुंध्याला फुटवे येतात. ते फुटवे शेळीने खाल्ले, कुऱ्हाडीने तोडले, वणव्यात जळले, की पुढच्या वर्षी पुन्हा तेच. जंगल दरवर्षी उगवत होतं आणि दरवर्षी मारलं जात होतं. गावाने मारणं थांबवलं. पाच-सात वर्षं फुटवा वाचला की तो शेळीच्या तोंडाच्या वर जातो. मग त्याची सावली, पालापाचोळा, पाचोळ्याखाली ओल. उतारावर आडवे समतल चर खणले, श्रमदानाने बंधारे घातले. धावणारं पाणी चालायला लागलं, चालणारं मुरायला लागलं. ज्या गावाला पाण्यासाठी पायपीट होती ते पुढे शेजारच्या गावांनाही पाणी द्यायला लागलं.

आम्ही पोचलो तेव्हा पाऊस नुकताच उघडला होता. जंगलात शिरलो आणि पहिली गोष्ट म्हणजे, पवनचक्कीचा आवाज नाही. पाचोळ्यावर पाय पडला की मऊ लागतं, शेवाळ, कुजक्या पानांचा वास. साग, बांबू, मधूनमधून मोह. भाऊ वर बघत होता, त्याला घुबड दिसायला हवं होतं.

थांबा, घुबडाची एक गोष्ट सांगतेच. रानपिंगळा नावाचं एक छोटं घुबड आहे. १८८४ मध्ये जेम्स डेव्हिडसन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने खानदेशात ते मारून त्याचा नमुना ठेवला. त्यानंतर एक नोंद होती, १९१४ ची, गुजरातमधल्या मांडवीची, रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन नावाच्या बड्या माणसाची. लोक त्या नोंदीच्या भरवशावर शोधत राहिले. सापडेना. पामेला रासमुसेन या अभ्यासिकेने उघड केलं की ती नोंदच बनावट. ब्रिटिश म्युझियममधला डेव्हिडसनचाच एक जुना नमुना उचलून त्याला नवं लेबल लावलं होतं. खोटी नोंद बाजूला ठेवून ती आणि तिचे सहकारी जुन्या खऱ्या जागांकडे आले, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा झाडावर बसलेला सापडला. एकशे तेरा वर्षांनी! तेव्हा शहादा धुळे जिल्ह्यातच होता, नंदुरबार वेगळा झाला तो १९९८ मध्ये. कागदावर चुकीच्या जागी पक्षी, आणि खरा पक्षी दुसरीकडेच आपला शांत बसलेला.

बारीपाड्यात आम्हाला रानपिंगळा दिसला नाही, सांगून टाकते. एक म्हातारे राखणदार मात्र भेटले. बांबूच्या बेटाशी बसले होते. आम्हाला पाहून उठले, कुठले, कशाला आलात, सगळं नीट विचारून घेतलं. मी म्हटलं, बाबा, साक्रीची आहे. ते हसले.

"साक्रीच्या का ताई? मग आमचं लाकूड तुमच्याकडंच यायचं."

मी म्हटलं, म्हणजे?

"म्हणजे काय, आम्ही तोडायचो, तुम्ही घ्यायचे. मोळ्या डोक्यावर. साग असला तर रात्री गाडीवर."

रागाने नाही बोलले. बाजारभाव सांगावा तसं सांगितलं. मी मात्र गप्प झाले, कारण मला एकदम आमचं जुनं घर आठवलं. धाब्याचं घर, आत काळेभोर सागाचे खांब, वर सागाच्या कड्या. पाहुणे आले की आम्ही कौतुकाने दाखवतो, बघा, अस्सल साग, एवढ्या वर्षांत कीड नाही. तो साग आला कुठून, हा प्रश्न आमच्या घरात कधी कुणी विचारला नव्हता. आणि सकाळी मोठी माय ओट्यावरून हाक मारायची, "मोळीवाली उनी का?" तेही आठवलं. पाण्याचा बंब होता, त्याला लाकूड लागायचं.

जंगलतोडीचा इतिहास आपण नेहमी दोन पात्रांत सांगतो. इंग्रज साहेब आणि डोंगरातला माणूस. तिसरं पात्र मधल्या बाजाराच्या गावात राहतं, सागाच्या कडीखाली झोपतं, पावती मागत नाही. त्याच्यावर कुठल्या कलमाखाली गुन्हा नाही, कुठल्या गॅझेटिअरमध्ये त्याचं नाव नाही. मोळीवाली पकडली जायची, मोळी घेणारे आम्ही कधीच नाही.

बाबांना मी विचारलं, राखण करताना भांडणं झाली नाहीत? झाली म्हणाले, पुष्कळ. बाहेरच्या गावाशी झाली आणि घरातही झाली. चूल तर पेटवायची होती ना. बंदी म्हणजे बायकांची पायपीट आणखी वाढणार, हे सगळ्यांना दिसत होतं. वाळलेलं लाकूड, गवत, हे किती आणि कधी घ्यायचं याचे नियम मग हळूहळू बसत गेले. हे ऐकायला सोपं वाटतं. तुमच्या सोसायटीत पार्किंगचा नियम बसवून बघा.

सरकारही तोवर थोडं सरकलं होतं. १९८८ चं वन धोरण, १९९० चं केंद्राचं परिपत्रक आणि १९९२ चा महाराष्ट्राचा संयुक्त वन व्यवस्थापनाचा निर्णय. म्हणजे सार्वजनिक सभेने जे सांगितलं होतं ते मान्य करायला शंभराहून जास्त वर्षं लागली, आणि तेही 'संयुक्त', मोठा भाऊ खातंच. मग २००६ चा वनहक्क कायदा आला. १३ डिसेंबर २००५ ही त्याची कट-ऑफ तारीख. त्याआधीपासून जमीन कसणाऱ्याला हक्क, आणि गावाला आपलं जंगल सांभाळण्याचा, राखण्याचा सामूहिक हक्क. कायद्यात तरी. आमच्या तालुक्यात दाव्यांच्या फायली हातात घेऊन फिरणारी माणसं तुम्हाला कुठल्याही तहसिलीच्या आवारात दिसतील.

बारीपाड्याबद्दल एक गोष्ट राहिली, खाण्याची. २००४ पासून तिथे पावसाळ्यात वनभाजी स्पर्धा होते. गावातल्या आणि आजूबाजूच्या पाड्यांवरच्या बायका रानातल्या भाज्या रांधून मांडतात. बांबूचे कोंब, तेरा, कंद, कुठले कुठले मोहर. काही भाज्या कच्च्या खाल्ल्या तर घसा धरतो, त्या किती पाण्यांनी उकळायच्या हे त्या बायकांना माहीत. जंगल गेलं असतं तर हेही गेलं असतं, कारण हे कुठे लिहिलेलं नाही. चैत्राम पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्या साक्रीत बॅनर लागले होते. वनभाजीला परीक्षक म्हणून साक्रीतल्या किती जणांनी जीभ लावलीय, विचारू नका.

जायचं असेल तर पावसाळ्याच्या शेवटी जा. गावात आधी कळवून जा, ते रिसॉर्ट नाही, लोकांचं घर आहे. प्लॅस्टिक नेऊ नका, आणि 'इथे सेल्फी पॉइंट कुठे' असं विचारू नका. भावाने विचारलं.

परत आल्यावर मी घरातल्या कड्या मोजल्या. सतरा, आणि खांब सहा. मोठी माय आता नव्वदीला आलीय, ऐकू कमी येतं. तिच्या कानाशी जाऊन विचारलं, आपल्याकडे यायची ती मोळीवाली कुठली होती गं? डोंगराकडची, म्हणाली. आठवड्यातून दोनदा यायची, पावसात डोक्यावर पळसाच्या पानांचं इरलं असायचं, मोळीचे आठ आणे, पुढे रुपया. कधी भाकरी द्यायची मोठी माय तिला, कधी नाही. सगळं आठवत होतं. मग मी विचारलं, तिचं नाव काय?

मोठी माय बराच वेळ आठवत बसली.

"मोळीवालीच म्हनूत तिले," ती म्हणाली.

तर हा होता आजचा भाग. तुमच्या घरात जुना साग असेल आणि तो कुठून आला हे घरात कुणाला माहीत असेल, तर व्हॉइस नोट पाठवा, दोन मिनिटांच्या आत ठेवा. पुढच्या वेळी साक्रीतच राहू, भामेरच्या किल्ल्यावर जाऊ. तिथेही वारा असणार आहे.